एका बरणीचे सतरा धनी

सायंप्रार्थना संपली, धून संपली, तरी जसुमतीबेन आसनावरून उठल्या नाहीत. त्यांनी पदराआडून एक चिनी मातीची बरणी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवली. बरणीच्या तोंडाला फडके बांधले होते, पण त्या फडक्यातून मेथी, हिंग आणि लाल मिरचीचा असा काही दरवळ सुटला की प्रार्थनेला बसलेल्या ऐंशी मुलींनी एकदम आवंढा गिळला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या हरिवदनभाईंनीही गिळला. फक्त त्यांच्या आवंढ्याचे कारण निराळे होते.

"ही बरणी मोडक्या चरख्यांच्या खोलीत सापडली," जसुमतीबेन म्हणाल्या. "मुंग्यांची रांग लागली होती म्हणून मी आत डोकावले. कैरीचं लोणचं आहे. अर्धं संपलेलं आहे."

धोळीकुईच्या कन्या छात्रालयात अस्वादव्रत पाळले जाई. अन्न पोटासाठी खायचे, जिभेसाठी नव्हे. तिखट, मसाला, लोणचे, पापड यांना फाटकाच्या आत मज्जाव होता. पण मुली सुट्टीवरून परतल्या की त्यांच्या पेट्या मात्र कुणी उघडून पाहत नसे. "काही आणलंयस का गं?" एवढे विचारले जाई आणि मुलगी जे सांगेल ते खरे मानले जाई. छात्रालयाची इमारत कौलारू आणि गळकी होती. छात्रालय चालवणाऱ्या जसुमतीबेनना अभिमान होता तो या एका गोष्टीचा.

"लोणचं खाल्लं याचं मला वाईट वाटत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "जीभ आहे, घसरते. पण लपवून खाल्लं. ज्याची कुणाची ही बरणी असेल त्यानं येऊन खरं सांगावं. शिक्षा होणार नाही. पण खरं कळेपर्यंत मी अन्न घेणार नाही. माझ्याच शिकवण्यात काही खोट राहिली असेल, तिचं हे प्रायश्चित्त."

बरणी हरिवदनभाईंची होती.

हरिवदनभाई हे जसुमतीबेनचे यजमान. छात्रालयात गणित आणि कताई शिकवत. आश्रमी रिवाजाप्रमाणे चारचौघांत ते बायकोला 'जसुमतीबेन' म्हणत आणि ती त्यांना 'हरिवदनभाई' म्हणे, त्यामुळे ही दोघे नवरा-बायको आहेत हे नव्या मुलींना उमजायला एक सत्र तरी जाई. बरणी त्यांच्या नडियादच्या थोरल्या बहिणीने, मोटीबेनने, वैशाखात एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली होती. ती सरळ स्वयंपाकघरात जमा करायची, असा हरिवदनभाईंचा प्रामाणिक विचार होता. पण कैरी अजून मुरायची होती. मुरेपर्यंत राहू दे, म्हणून त्यांनी ती चरख्यांच्या खोलीत ठेवली. मुरली की नाही हे पाहायला एक दिवस एक फोड खाल्ली. मग ते रोज दुपारी पाहू लागले.

खरे तर त्यांनी तिथेच, त्याच क्षणी उठायला हवे होते. त्यांनी एक हात जमिनीवर टेकलाही. पण समोर ऐंशी मुली होत्या आणि त्यांतल्या निम्म्या मुलींना त्यांनी सकाळीच तकली फिरवता फिरवता इंद्रियांना आवर कसा घालावा हे समजावून सांगितले होते. टेकलेला हात त्यांनी हळूच उचलून मांडीवर ठेवला. घरी गेल्यावर सांगू, असे ठरवले.

आणि घरी जाताच त्यांनी सांगितले. त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

"जसु, जेवून घे," दार लोटत ते म्हणाले. "बरणी माझी आहे."

जसुमतीबेन कंदिलाची काच पुसत होत्या. त्यांनी वर पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही कधी बदलायचे नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, खरं सांगतोय मी."

"शांतानं कोठीतलं तेल सांडलं तेव्हा काय म्हणाला होता? माझा धक्का लागला. वर्गाची खिडकी फुटली तेव्हा? तुम्ही त्या दिवशी सुरतेला होता, आणि तरी आल्यावर म्हणालात, माझ्याच हातून तडा गेला असेल."

"ते निराळं होतं. पोरी रडत होत्या. हे खरं आहे."

"मी उपाशी राहिलेली तुम्हाला बघवत नाही, एवढंच खरं आहे."

"नडियादहून मोटीबेननं पाठवली बरणी. मी रोज एक फोड खातो."

"तुम्ही?" जसुमतीबेनना हसू आले. "मिऱ्याचा दाणा दाताखाली आला तर घटकाभर उचक्या देता, ते तुम्ही?"

"सवय झाली की नाही लागत उचकी."

"खोटं बोलायलाही सवय लागते. ती नाही तुम्हाला. झोपा आता."

हरिवदनभाई अंथरुणावर पडले, पण त्यांना राहून राहून चुटपुट लागली. चोर ठरायची त्यांच्या मनाची तयारी झाली होती. बायको रागावेल, रडेल, कदाचित आठ दिवस बोलणार नाही, या सगळ्याचा त्यांनी हिशेब केला होता. खोटारडा ठरण्याचा हिशेब केला नव्हता. त्यातून खोटारडाही असा की ज्याच्यावर कुणाला रागावतासुद्धा येऊ नये.

सकाळी सामुदायिक कताईचा सूतयज्ञ आटोपला आणि वरच्या वर्गातली कपिला मान खाली घालून जसुमतीबेनपुढे उभी राहिली. मुली त्यांना मोटाबेन म्हणत.

"मोटाबेन, बरणी माझी."

जसुमतीबेनचा चेहरा उजळला. त्यांनी कपिलाच्या पाठीवरून हात फिरवला. स्वयंपाकीण मणिबा लिंबाचे पाणी घेऊन धावली. पेला ओठाला लागणार एवढ्यात रमीला आली.

"मोटाबेन, कपिला खोटं बोलते. बरणी माझी आहे."

"ए, माझी आहे!" कपिला म्हणाली.

"तुझ्या घरी आंब्याचं झाड तरी आहे का?"

तोवर दारात आणखी तिघी येऊन थांबल्या होत्या. मोटाबेन उपाशी राहणार म्हटल्यावर रात्रभर कुणालाच झोप लागली नव्हती, आणि अंधारात प्रत्येकीने आपापल्या पांघरुणात एकच निश्चय केला होता. उन्हे चढेपर्यंत बरणीला सतरा धनी झाले. त्यातल्या एकीने लोणचे लिंबाचे असल्याचे सांगितले. एका चिमुरडीने आपण ते सगळे एकटीने खाल्ल्याचे सांगितले, आणि अर्धे शिल्लक आहे हे दाखवल्यावर ती हुंदके देऊ लागली.

जसुमतीबेननी पेला खाली ठेवला.

"बरणी एक आणि धनी सतरा," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "म्हणजे सोळा जणी खोटं बोलतात. काल या घरात एकच असत्य होतं. आज सोळा आणखी झाली."

"सोळा नाही, सतरा," मागून हरिवदनभाई म्हणाले. गणितातली चूक त्यांना ऐकून सोडता येत नसे. "सगळ्याच खोटं बोलतायत. बरणी माझी आहे."

मुलींनी वळून त्यांच्याकडे पाहिले. ते पाहणे इतके मायेचे होते की हरिवदनभाईंना पळून जावेसे वाटले.

"भाई," कपिला डोळे पुसत म्हणाली, "आमच्यासाठी तुम्ही खोटं नका ना बोलू."

दुपारी मणिबाने त्यांच्यापुढे थाळी आणून ठेवली. ज्वारीचा रोटला, उकडलेला दुधी आणि ताक. हरिवदनभाईंनी थाळी बाजूला सारली.

"मीही जेवणार नाही."

"का?" चटईवर पडलेल्या जसुमतीबेननी विचारले.

"माझ्यावर तुझा विश्वास बसेपर्यंत."

"हा दुराग्रह झाला. उपास करून दुसऱ्यावर दडपण आणू नये."

"मग तू काय करतेयस?"

"मी आत्मशुद्धी करते."

"माझी आत्मशुद्धी कधीच झाली. काल रात्रीच खरं बोलून मोकळा झालोय. तुझ्या मनाची राहिलीय, तिच्यासाठी मी बसतोय."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही उपास करणार आणि वर मला ऐकवणार?"

"तू आमच्यासाठी करतेस आणि ऐंशी जणींना ऐकवतेस."

लग्नाला बावीस वर्षे झाली होती आणि त्या घरात कधी आवाज चढला नव्हता. आताही चढला नाही. दोघे इतक्या हळू आवाजात भांडत होती की खिडकीला कान लावून उभ्या असलेल्या मणिबाला शेवटी आत यावे लागले.

"मग रांधू कुणासाठी?" तिने विचारले.

"मुलींसाठी," दोघे एकदम म्हणाली. एवढ्या एका बाबतीत त्यांचे एकमत होते.

मुलीही उपास करू पाहत होत्या, पण जसुमतीबेननी त्यांना सक्त ताकीद देऊन जेवायला बसवले. मुली रडत रडत जेवल्या. रडण्याने भूक लागते म्हणून की काय, त्या दिवशी रोटले कमी पडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दलसुखभाई आले. दलसुखभाई तालुक्याचे पुढारी आणि छात्रालयाचे विश्वस्त. चळवळीत चार महिने तुरुंगात होते आणि त्यानंतरची सगळी वर्षे त्या चार महिन्यांवर बोलत होते. हिवाळ्यात निवडणूक होती आणि उमेदवारी पक्की झालेली नव्हती. कुठे उपवास चालू असेल तर त्याची वार्ता त्यांना लांबूनच लागे.

"उपवास! आणि दोघांचा!" ते खोलीत शिरता शिरताच म्हणाले. "आणि मला कळवलंत नाही? कशासाठी?"

जसुमतीबेननी सांगितले. दलसुखभाई खाटेवर बसले.

"लोणचं?"

"लोणच्याचा नाही, सत्याचा प्रश्न आहे."

"हो, पण लोणच्याबद्दलच्या सत्याचा ना?" दलसुखभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि हरिवदनभाई, तुमचं काय?"

"माझा उपवास, बरणी माझीच आहे हे मान्य व्हावं म्हणून."

"आहे का तुमची?"

"आहे."

दलसुखभाईंनी जसुमतीबेनकडे पाहिले. जसुमतीबेननी नकारार्थी मान हलवली. "स्वभाव आहे त्यांचा," त्या म्हणाल्या.

"हे पाहा बेन," टोपीची घडी सारखी करत दलसुखभाई म्हणाले, "लोक विचारणार. वर्तमानपत्राचा माणूस विचारणार. 'लोणच्यासाठी उपोषण' असं छापून आलं तर संस्थेचं काय राहील?"

"आहे ते सांगा. नाहीतर काहीच सांगू नका."

दलसुखभाई खिडकीपाशी गेले. छात्रालय ओढ्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे होती. शाळेतून परतणाऱ्या मुली घागरे गुडघ्यापर्यंत धरून, दप्तरे डोक्यावर घेऊन ओढा ओलांडत होत्या. गेल्या पावसाळ्यात तिसरीतली एक पोर वाहून जाता जाता राहिली होती. जसुमतीबेननी तिला वेणीला धरून बाहेर ओढले होते. ओढ्यावर पूल हवा म्हणून त्या कितीतरी वर्षे सरकारदरबारी खेटे घालत होत्या.

दलसुखभाईंनी टोपी डोक्यावर घातली आणि ते घाईने निघून गेले.

सकाळी हरिवदनभाईंना टाळ-मृदंगाच्या आवाजाने जाग आली. ते उठून अंगणात आले. फाटकाबाहेर माणसे मावत नव्हती. आसपासच्या पाच गावांतून बैलगाड्या आल्या होत्या. एक भजनी मंडळ बसले होते, एक शेंगदाणेवाला खांद्यावर माकड घेऊन उभा होता, आणि फाटकावर लाल अक्षरांत पाटी लागली होती: 'ओढ्यावरील पुलासाठी प्राणांतिक उपोषण'. पाटीखाली गादीवर दलसुखभाई बसले होते. तेही उपोषणाला बसले होते. न्याहारीनंतर बसले होते आणि जेवणाच्या वेळेला उठणार होते.

"दलसुखभाई, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आम्ही पुलासाठी कुठे बसलोय? हे खोटं आहे!"

"हळू बोला. काय खोटं आहे सांगा. ओढ्यावर पूल नाही, हे खरं ना?"

"खरं."

"तुम्ही दोघं उपाशी आहात, हेही खरं?"

"खरं."

"झालं तर. दोन खऱ्या गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या. त्यातून लोकांनी काय समजायचं ते लोक समजले."

हरिवदनभाई धडपडत आत आले. जसुमतीबेन भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बाहेरचा गलका ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

"केवढी माणसं आलीत हो!" त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "एका बरणीसाठी! लोकांना सत्याची केवढी चाड आहे!"

"जसु, ती माणसं बरणीसाठी नाही, पुलासाठी आलीत."

"कुठल्या पुलासाठी?"

हरिवदनभाई खाली बसून समजावून सांगू लागले, पण तेवढ्यात बाहेर जीपचा भोंगा वाजला आणि लोकांनी जयजयकार केला. मामलतदार दवे आले होते. निवडणुकीच्या तोंडावर उपोषणाला बसलेल्या बाईच्या जिवाचे काही बरेवाईट होता कामा नये, असा वरून रातोरात निरोप आला होता. दवेसाहेबांच्या एका हातात पुलाच्या मंजुरीचा हुकूम आणि दुसऱ्या हातात मोसंब्याच्या रसाचा पेला होता. कपिला आणि रमीलाने दोन्ही बाजूंनी धरून जसुमतीबेनना अंगणात आणले आणि खुर्चीवर बसवले. हरिवदनभाई मागोमाग आले. त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. ते खांबाला टेकून उभे राहिले.

दलसुखभाईंनी भाषण केले. दवेसाहेबांनी त्याहून छोटे भाषण केले, हुकूम वाचून दाखवला आणि पेला जसुमतीबेनच्या हातात दिला.

"घ्या बेन. पूल झाला म्हणून समजा. दिवाळीनंतर काम सुरू."

मुली टाळ्या वाजवत होत्या. जसुमतीबेननी हातातल्या पेल्याकडे पाहिले, मग ओढ्याकडे पाहिले, मग त्या वेणीवाल्या पोरीकडे. ती सगळ्यात पुढे उभी राहून सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होती. हरिवदनभाईंना बायकोचा स्वभाव ठाऊक होता. पी, असे त्यांना ओरडावेसे वाटले. एक घोट पी, काही बोलू नको, पोरींचा पूल आहे. आणि त्याच वेळी, ती प्यायली तर आपल्याला तिच्याकडे पुन्हा पाहवेल की नाही, याची त्यांना भीती वाटत होती.

जसुमतीबेननी पेला बाकावर ठेवला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, पूल मला हवा आहे. मी तुमच्या कचेरीत किती वेळा आले ते तुमच्या शिपायाला विचारा. पण हा उपास पुलासाठी नाही."

टाळ्या थांबल्या.

"मग कशासाठी?" दवेसाहेबांनी विचारले.

"लोणच्यासाठी. चरख्यांच्या खोलीत लोणच्याची बरणी सापडली. ती कुणाची ते कळत नाही, म्हणून मी जेवत नाही. या उपवासावर पूल मिळत असेल तर तो मला घेता येणार नाही."

भजनी मंडळातल्या एकाच्या हातून टाळ पडला. "बेनना ग्लानी आली आहे," दलसुखभाई चटकन म्हणाले.

"ग्लानी नाही. बरणी आहे आत. दाखवू?"

दवेसाहेबांनी हातातल्या हुकुमाकडे पाहिले. त्यांनी आयुष्यात अनेक उपोषणे सोडवली होती. सोडवलेले उपोषण मुळात भलत्याच गोष्टीसाठी होते, असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्यांनी जसुमतीबेनना थोडे बाजूला नेले. खांबापाशी उभ्या असलेल्या हरिवदनभाईंना सगळे ऐकू आले.

"बेन, कसलं लोणचं?"

"कैरीचं."

"असं पाहा. या हुकुमावर कलेक्टरसाहेबांची सही झालीय. तो परत न्यायचा तर मला कारण द्यावं लागेल. 'उपोषण पुलासाठी नसून कैरीच्या लोणच्यासाठी होते,' असं मी वर कळवलं तर उद्या माझी डांगाच्या जंगलात बदली होईल. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. पूल तुम्हाला खरंच नको आहे का?"

"हवा आहे. खोट्या कारणानं नको."

"खरं कारण तुम्ही सांगितलंत. एवढ्या लोकांनी ऐकलं. तुमचं काम संपलं. पूल मुळात हवाच आहे, हे मी येताना पाहिलं. माझी जीप ओढ्यात दोनदा बंद पडली. आता मी या जीपसाठी पूल मंजूर केला असं समजा आणि मला जाऊ द्या."

जसुमतीबेननी विचार केला. त्यात त्यांना असत्य सापडले नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"पूल मंजूर!" दलसुखभाईंनी आरोळी ठोकली. लोकांनी जयजयकार केला. दवेसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला.

"आता घ्या."

"आता कसा घेऊ? बरणीचा धनी कुठे सापडलाय?"

दवेसाहेब बाकावर बसले. हरिवदनभाई खांबापासून दूर झाले. त्या संध्याकाळी ऐंशी मुलींपुढे त्यांना जे जमले नव्हते, ते आता पाच गावांच्या लोकांपुढे करायचे होते.

"बरणी माझी आहे," ते मोठ्याने म्हणाले. "मी लपवली. मी खाल्लं."

एक म्हातारा शेतकरी गहिवरून म्हणाला, "बायकोचा जीव वाचवायला बिचाऱ्यानं आळ घेतला अंगावर." आणि लोकांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की शेंगदाणेवाल्याचे माकड भ्यायले. कुणीतरी हरिवदनभाईंच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. दलसुखभाईंनी त्यांना मिठी मारली.

हरिवदनभाईंनी हार काढून दलसुखभाईंच्याच गळ्यात घातला.

"कपिला, बरणी आण," ते म्हणाले.

बरणी आली. हरिवदनभाईंनी फडके सोडले. बरणी हातात घेऊन त्यांनी आधी ती जराशी तिरपी करून गोल फिरवली, म्हणजे तळाचा मसाला वर येतो. वरच्या फोडीला त्यांनी हात लावला नाही. दोन बोटे आत घालून खालची, तेलात बुडालेली फोड त्यांनी अचूक वर काढली, बरणीच्या काठावर हलकेच निथळली, आणि थेंब सदऱ्यावर पडू न देता डाव्या गालात टाकली. मग त्यांनी डोळे मिटले. आधी मसाला चोखला. मग गर दातांनी अलगद सोडवला. कोयीचा टणक तुकडा जिभेने एका बाजूला सारून शेवटी तळहातावर घेतला. तो इतका लख्ख होता की धुऊन ठेवल्यासारखा दिसत होता. उचकी लागली नाही. डोळ्यांत पाणीही आले नाही.

पाच गावांचे लोक लोणचे खाणारे होते. त्यांना कळायचे ते कळले.

"असं कुणी पहिल्यांदा खात नाही," जसुमतीबेन हळूच म्हणाल्या.

"नाही."

"कधीपासून?"

"वैशाखापासून."

"रोज?"

"एकादशीला नाही."

जसुमतीबेन खुर्चीवर बसल्या. "तुम्ही पहिल्याच रात्री सांगितलं होतं मला."

"हो."

"म्हणजे माझा उपास त्याच रात्री संपला होता."

"तेच तर दोन दिवस सांगतोय."

"आणि तुमचा? माझा विश्वास बसेपर्यंत होता ना? फोड तोंडात गेली तेव्हा बसला नव्हता."

हरिवदनभाईंनी तळहातावरच्या कोयीकडे पाहिले. "मोडला," ते म्हणाले.

इतके सरळ उत्तर ऐकून जसुमतीबेनना बाकी काही विचारायचे उरले नाही. आता कुणी मरत नाही म्हटल्यावर गर्दीही पांगली. दलसुखभाई पुलाची जागा दाखवायला दवेसाहेबांच्या जीपमध्ये चढले; मोसंब्याचा रस वाया जाऊ नये म्हणून तो त्यांनी घेतला होता. सतराही मुलींना जसुमतीबेननी बोलावून जवळ घेतले आणि खोटे बोलल्याबद्दल प्रत्येकीला सुताची एकेक लड जास्त कातायला सांगितली. मुली हसत हसत कातायला गेल्या.

दिवेलागणीला मणिबाने मऊ खिचडीच्या दोन थाळ्या आणून ठेवल्या. दोघे समोरासमोर बसली. खिचडी निम्मी संपल्यावर हरिवदनभाईंना राहवेना.

"मला काय शिक्षा?"

"शिक्षा होणार नाही असं मी सगळ्यांसमोर सांगितलंय. प्रायश्चित्त मला घ्यायचंय."

हरिवदनभाईंच्या हातातला घास थांबला. "जसु, आता पुन्हा उपास नको. हात जोडतो."

"उपास नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला मी खोटं ठरवलं. त्याच्या म्हणण्याची परीक्षा न करता निकाल दिला. ती परीक्षा आधीच करायला हवी होती." त्यांनी थाळीचा कडेचा भाग बोटाने स्वच्छ केला. "बरणी आणा."

हरिवदनभाईंनी बरणी आणली. जसुमतीबेननी एक लहानशी फोड घेतली, थाळीच्या कडेला ठेवली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मग तोंडात टाकली. त्यांनी डोळे मिटले. हरिवदनभाई न्यायाधीशापुढे उभे असल्यासारखे बसून राहिले.

"मेथी करपलीय," डोळे न उघडता जसुमतीबेन म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या मोटीबेननी मेथी जास्त भाजली. आणि हिंग तेलात नीट फुललेला नाही. आमच्याकडे भावनगरला तेल आधी..."

त्या एकदम थांबल्या. माहेरी काय रांधत आणि कसे रांधत, याबद्दल बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. हरिवदनभाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला. जसुमतीबेननी डोळे उघडले. आपले बोट आपण चाटतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले, तसा त्यांनी हात खाली घेतला आणि पदराला पुसला.

"पण एका फोडीवरून असं म्हणणं बरं नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "तुमच्या बहिणीवर अन्याय व्हायचा."

आणि बरणी जवळ ओढून, वरच्या फोडी बाजूला सारत, त्यांनी दोन बोटे खोल आत घातली.